आज्ञा न मानणारे मूल आणि शिक्षकाचा अधिकार

बहुतेक प्रत्येक शाळेत असे एखादे मूल असते की, ज्याचे नाव हजेरीपेक्षा तक्रारींतच अधिक वेळा घेतले जाते. ते जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्यापूर्वी उत्तर देते आणि ‘वही काढ’ म्हणताच ‘नाही काढत’ म्हणून उभे राहते. त्यास व्रात्य, उर्मट अशी विशेषणे देऊन आपण मोकळे होतो. वस्तुतः येथे दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात व त्यांतील भेद ओळखल्यावाचून उपाय सापडत नाही.

१. दोन अवस्थांतील भेद

पहिली गोष्ट अवधानाची. बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत केले होते. अशा अवस्थेस आज अवधानन्यूनता व अतिचंचलता, डॉक्टरांच्या भाषेत एडीएचडी, असे म्हणतात. हे मूल आज्ञा झिडकारीत नाही. ती त्याच्या मनात टिकत नाही. तीन सूचना एकदम दिल्यास पहिली ऐकली जाते, दुसरी अर्धवट राहते व तिसरी हरवते.

दुसरी गोष्ट विरोधवृत्तीची. हे मूल आज्ञा ऐकते, समजते आणि नाकारते. सहा महिने वा अधिक काळ सतत चिडणे, मोठ्यांशी वाद घालणे, आपल्या चुकीचा दोष दुसऱ्यावर ढकलणे, ही तिची लक्षणे होत. पुष्कळदा दोन्ही अवस्था एकाच मुलात आढळतात. विसरल्याबद्दल दररोज बोलणी खाणाऱ्या मुलास प्रत्येक आज्ञा म्हणजे नव्या अपमानाची सुरुवात वाटू लागल्यास नवल नाही.

२. आज्ञेचे दुष्टचक्र

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुटुंबांतील अशा झगड्यांची मीमांसा केली आहे. मोठा माणूस आज्ञा करतो, मूल नकार देते. मोठ्याचा आवाज चढतो, मुलाचाही चढतो. शेवटी एकजण माघार घेतो. मुलाने घेतली तर ओरडल्याने काम होते, असे मोठा शिकतो. मोठ्याने घेतली तर आकांत केल्याने सुटका होते, असे मूल शिकते. वर्गातही हेच घडते. शिवाय तेथे चाळीस मुले प्रेक्षक असतात.

३. निष्कर्षाची घाई नको

भिवंडी शहरात सामावलेल्या नारपोलीचे उदाहरण घ्यावे. यंत्रमागांच्या या परिसरात पाळ्यांचे काम चालते व मागांचा खडखडाट कानी असतो. अशा घरातील मूल मोठ्याने बोलते, तो कदाचित उर्मटपणा नसून गोंगाटातील सवय असेल. वर्गात पेंगते वा चुळबुळते, ते अपुऱ्या झोपेमुळे असेल. या गावी मराठीप्रमाणेच हिंदी, उर्दू व तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. मुलास आपली सूचना भाषेमुळेच कळली नसेल. यास्तव प्रथम श्रवण, दृष्टी, झोप व घरची भाषा यांची चौकशी करावी. तीच लक्षणे शाळेत व घरी, दोन्हीकडे दीर्घकाळ दिसल्यासच पुढील विचार करावा.

४. वर्गातील उपाय

(अ) मुलाजवळ जाऊन, नाव घेऊन, हलक्या आवाजात एकच सूचना द्यावी. ‘नीट वाग’ असे न म्हणता ‘वही उघड’ म्हणावे.

(आ) सूचनेनंतर क्षणभर थांबावे. तीच आज्ञा पाच वेळा उच्चारल्यास ती पाचव्या वेळीच पाळायची असते, असे मूल समजते.

(इ) आज्ञा पाळताच तत्क्षणी दखल घ्यावी. आठवड्याच्या शेवटी मिळणारी शाबासकी या मुलास फार दूरची असते.

(ई) दोन योग्य पर्याय द्यावेत: ‘आधी गणित करतोस की शुद्धलेखन?’

(उ) फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे त्यास द्यावीत.

(ऊ) वाद सर्वांसमोर मिटवू नये. सुटीत एकट्यास बोलवावे. परिणाम लहान, ठरलेला व न चुकणारा असावा.

व्यवस्था बदलण्याची परंपरा आपल्याच भागातील आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. त्या मुलांत विकार नव्हता. परंतु मूल शाळेत मावत नसेल तर शाळेने आपला आकार बदलावा, हे तत्त्व येथेही लागू पडते.

५. साहाय्य

निदान हे शिक्षकाचे काम नव्हे. नोंद ठेवणे हे आहे. केव्हा, कोणत्या तासास, कशानंतर काय घडले, हे दोन आठवडे लिहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याच्या तपासणी-यादीत ही अवस्था समाविष्ट आहे. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकास ती नोंद दाखवावी. पालकांस बोलाविताना प्रथम मुलाचा एखादा गुण सांगावा.

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. यामुळे शिक्षकाचा अधिकार उणा होत नाही. शब्द थोडे, परंतु प्रत्येक शब्द पाळला जाणारा, हाच खरा अधिकार होय. तो न साधल्यास असे मूल एके दिवशी शाळाच सोडते, आणि त्यास बोलाविणारे माग व गोदामे फार दूर नसतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील एका मुलास आज दिलेल्या सूचना मोजा. त्यांपैकी किती पाळल्या गेल्या? पाळलेल्या किती सूचनांची दखल आपण घेतली?

२. न समजल्यामुळे व न मानल्यामुळे झालेली अवज्ञा आपण कशी ओळखाल?