घरी जुळवायची ठासणीची रायफल: पहिली कुठली घ्यावी?

प्रश्न : मी धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत फिटर आहे, राहायला अमळनेरला. सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. माझा मामेभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडे जुन्या घाटाची, लांब नळीची ठासणीची रायफल सुट्या भागांच्या खोक्यात मिळते. लाकूड घासायचं, भाग बसवायचे, रंग द्यायचा. पहिल्यांदा करणाऱ्याने कुठलं खोकं घ्यावं? भाऊ दिवाळीला येणार आहे. येताना सोबत आणू शकेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊसाहेब, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण भाऊ तिकीट काढून बसला असेल. आणू शकत नाही. पूर्ण रायफल नाही, सुटी नळी नाही, चापाची कळसुद्धा नाही.

आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम लागू आहे. ठासणीची बंदूक जुनाट, म्हणून ती त्यातून सुटते असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो खोटा आहे. बाळगायला कलम 3 खाली परवाना, बनवायला कलम 5 खाली परवाना, परदेशातून आणायला कलम 10 खाली परवाना. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे ‘भाग वेगवेगळ्या पार्सलांनी मागवले तर’ हा विचार पहिल्याच पार्सलपाशी अडतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. नुसतं बाळगलं तरी दोन ते पाच वर्षं. त्यात आपला मुलूख असा, की ‘घरी बनवलेली बंदूक’ म्हटलं की पोलिसांना चोपड्यापलीकडचं, मध्य प्रदेशाच्या हद्दीवरचं उमर्टी आठवतं. मी फक्त हौशी सुतार आहे, हे ठाण्यात कुणाला पटवणार?

मग तिकडे हे चालतं कसं? अमेरिकेच्या 1968 च्या बंदूक कायद्याने जुन्या बंदुका आणि त्यांच्या घाटाच्या ठासणीच्या प्रतिकृती ‘बंदूक’ या व्याख्येच्या बाहेर ठेवल्या. म्हणून खोकं तिथे टपालाने घरी येतं आणि तिकडच्या चित्रफितींमध्ये सगळा मामला टेबल-खुर्ची बनवल्यासारखा दिसतो. पण तिथेही राज्याराज्यांत फरक आहे. आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सीत ठासणीची रायफल घ्यायलाही राज्याचं ओळखपत्र लागतं. भाऊ पेनसिल्व्हेनियात आहे, हे बरंच झालं, कारण ही रायफल मुळात तिथलीच.

अठराव्या शतकात जर्मन भाषक लोहार-बंदूककार लँकेस्टरच्या आसपास येऊन वसले. त्यांच्या मायदेशात शिकाऱ्यांची आखूड, जाड नळीची रायफल होती. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलांत ती लांब झाली आणि बारीकही झाली. नळी बेचाळीस ते शेहेचाळीस इंचांपर्यंत गेली, गोळी लहान झाली, म्हणजे शिसं आणि दारू कमी लागू लागली; कित्येक आठवडे जंगलात राहणाऱ्या माणसाला ओझं परवडत नव्हतं. दस्ता मेपलच्या लहरदार रेषांच्या लाकडाचा, त्यावर पितळेचा साज आणि दस्त्यात झाकणाची एक छोटी पितळी पेटी. पुढे गाण्यांनी तिला केंटकीचं नाव दिलं, बनली मात्र बहुतेक पेनसिल्व्हेनियात.

तिची खरी करामत नळीच्या आत आहे. आत पिळाच्या खाचा असतात, गोळी तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गजाने आत ठासतात, कापड खाचा पकडतं आणि गोळी भिरभिरत सरळ जाते. आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, बंदुकांच्या नळ्या बहुधा आतून गुळगुळीत. गोळी सैल, नेम जवळचा, पण भरायला सोपी आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येण्यासारखी. म्हणूनच चकमकीचा चाप येऊन कितीतरी काळ लोटला तरी सातपुड्यात तोडाच चालला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीच्या लढाईत भिल्लांपाशी तीरकमठे होते आणि अशाच बंदुका. समोर कंपनीची कवायती पलटण. 1857 चं काडतुसांचं प्रकरण ज्या एन्फील्डवरून पेटलं, तीही ठासणीचीच रायफल होती, नळीत तीन खाचा असलेली. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी पलटणींना त्याच घाटाच्या, पण खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. दिसायला तीच, नेमाला कमी. विश्वास कितपत उरला होता, हे मला त्या नळीवरून जास्त कळतं. व्हाइसरॉय लिटनचा 1878 चा शस्त्र कायदा तर त्यानंतर आला.

आता खोक्याचं. हे भावाला वाचून दाखवा. खोकं त्याचं, त्याच्या घरी आणि त्याच्या नावावर.

बाजारात तीन जातीचा माल आहे. पहिला स्वस्त, स्पेनमध्ये बनलेला. ट्रॅडिशन्स कंपनीचं केंटकी खोकं त्यातलंच. नळी साडेतेहेतीस इंच, दस्ता दोन तुकड्यांत आणि मधल्या सांध्यावर पितळेची पट्टी. शनिवार-रविवारचं काम आहे आणि चालते नीट. पण जुन्या रायफलीचं देखणेपण तिच्यात उतरत नाही, हे घेण्याआधीच माहीत असावं. दुसरी जात म्हणजे ओहायोच्या जिम किबलरची खोकी. त्यांत दस्ता संगणकी यंत्रावर इतका तंतोतंत कोरलेला असतो की चाप जागेवर जवळजवळ आपणहून बसतो. उरतं ते घासणं, कडा सुबक करणं, पितळ चमकवणं, नळीला तपकिरी गंज चढवणं. तिसरी जात जुन्या शिस्तीची: अर्धवट कोरलेलं लाकूड, नळी आणि चाप वेगवेगळ्या कारागिरांकडून आणायचे, खाच स्वतः पटाशीने खोदायची. तुमच्यासारखा फिटर बहुधा या तिसऱ्या जातीकडेच ओढला जाईल, आणि पहिल्याच रायफलीसाठी ती घेणं ही चूक ठरेल. चापासाठीची खाच एका बाजूने अर्धा मिलिमीटर जास्त गेली की नळीचा कान (बार पेटवायचं बारीक भोक) रंजकेच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीसमोर येत नाही. लाकूड एकदा काढलं की परत चिकटवता येत नाही.

म्हणून माझा कौल दुसऱ्या जातीला. महाग आहे, पण पैसा लाकडात आणि नळीत गेलेला दिसतो. एक अट मात्र पक्की ठेवा: नळीच्या मागचं बूच कारखान्यातच बसवून आलेलं असावं. स्फोटाचा सगळा दाब त्या बुचावर येतो. हौशी हाताने तिथे जायचं नाही. बोअर पॉइंट पंचेचाळीस किंवा पॉइंट पन्नास. भावाला हरणांची शिकार करायची असेल तर तिथे किमान पॉइंट चव्वेचाळीस हवं. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून पेनसिल्व्हेनियात हरणांचा एक खास हंगाम असतो आणि त्यात फक्त चकमकीची रायफल चालते, घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या टोपीची नाही. 1974 पासून ही प्रथा आहे. शिकार नको, नुसतं निशाण मारायचं असेल तर टोपीची घ्यावी; नवख्याला तिच्यात वैताग कमी. चकमकीत घोडा पडतो, ठिणगी पडते, वाटीतली रंजक पेटते, ती कानातून आत जाते, मग बार होतो. या साखळीत कुठेही आळस झाला तर नेम गेला. डावखुरा असेल तर डाव्या चापाचं खोकं मागवावं, आणि दस्त्याची लांबी आपल्या हाताच्या मापाची आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावं. दस्ता मागून कापता येतो, वाढवता येत नाही.

रंगकामाची एक गोष्ट इथे बसूनही तुम्हाला आवडेल. तिथले कारागीर नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते द्रावण मेपलवर फासतात आणि मग लाकूड तापवतात. हिरवट डाग बघताबघता तांबूस-तपकिरी होतो आणि लाकडातल्या लहरी उठून दिसतात. वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात. आपला सागवान लहरी दाखवत नाही, शिसम थोडा दाखवतो. मेपल मात्र मेपलच.

इथे अमळनेरात तुम्ही काय करावं? दस्ता करा. भरीव लाकडाची नळी असलेली, पूर्ण मापाची, उडू न शकणारी लाकडी प्रतिकृती करा. नळीला भोक पाडू नका आणि लोखंडी नळी तर बसवूच नका, कारण नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करायलाही परवाना लागतो. मापं हवी असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या बंदुका आहेत. वही-पेन्सिल घेऊन जा. अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गच्या बंदूककारावर 1969 मध्ये निघालेला माहितीपट मिळाला तर बघा. वॉलेस गसलर नावाचा कारागीर लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवण्यापासून शेवटच्या कोरीवकामापर्यंत सगळं एकहाती करतो. फिटर माणसाला तो दोनदा पाहावासा वाटेल.

आणि एक विसंगती, उगाच सांगतो. तुमच्या घरापासून फार लांब नाही असा वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना 1964 सालापासून लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनवतो, भुसावळचा कारखाना त्याहून जुना. तिथे सगळं मोजून, नोंदून, सरकारच्या कुलपात होतं. घरच्या लेथवर एक नळी कोरली तर मात्र तो गुन्हा.

प्रश्न : यावलला केळी आणि हरभरा आहे. रानडुकरं आणि रोही रात्रीत बांधाबांधाने साफ करतात. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, असं वडील सांगायचे. अजून मिळतो का? – एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : वडील खरं सांगायचे आणि तरतूद अजून आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. बंदूक खरोखर पीकरक्षणासाठीच हवी असेल तर परवाना द्यावा, असा त्याचा रोख. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलीस अहवाल, सातबारा, चौकशी, सगळं होतं, आणि वेळ लागतो.

पण बंदूक मिळाली म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली, असं मुळीच नाही. रानडुक्कर आणि रोही दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी झाडली तर शेतकरीच आरोपी होतो. बंदूक आवाजापुरती, बाकी काम तारेच्या कुंपणाचं आणि राखणीचं. नुकसानभरपाईसाठी पंचनामा वनखात्याकडून वेळेवर करून घ्या. उशीर झाला की भरपाई अडते. आणि विजेच्या तारा सोडण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात माणसं जातात आणि ती बहुधा घरचीच असतात.

प्रश्न : पारोळ्याच्या जुन्या वाड्याचं माळवद काढताना वाशांमध्ये लांब नळीची बंदूक सापडली. गंजली आहे. दिवाणखान्यात लावली तर चालेल का? – पारोळा

उत्तर : आधी ती हाताळणं थांबवा. ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार पिढ्यानपिढ्या तसाच राहू शकतो. काळी दारू कोरडी असेल तर शंभर वर्षांनीही पेटते. नळी तापवू नका, आत सळई घालून ठोकू नका, घोड्याला तेल घालून खाली-वर करून पाहू नका.

कायद्यात कलम 45 खाली जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे. पण अट अशी, की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. ‘गंजली आहे’ एवढं पुरत नाही. ती अट पुरी होते की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, कुठे आणि कशी सापडली ते लिहा, सापडली त्याच जागेवर फोटो काढून ठेवा आणि अर्जाची पोच घ्या. त्यांचा शस्त्रतज्ज्ञ तपासेल.

मग तिच्या वयाचा प्रश्न. शंभर वर्षांहून जुनी ठरली तर 1972 चा पुरावशेष कायदाही लागतो. देशाबाहेर पाठवायची नाही, जुन्या वस्तूंच्या दलालाला परस्पर द्यायची नाही. कुणाची, कुठल्या काळची, हे जाणून घ्यायचं असेल तर ठाण्यातलं काम आटोपल्यावर तिचे फोटो धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात दाखवा. वाड्यातले जुने कागद असतील तर तेही सोबत न्या. बंदुकीवरून घराणं ओळखणं अवघड असतं, पण एखाद्या जमाखर्चाच्या वहीत बारूद, शिसं किंवा बरकंदाजाच्या पगाराची नोंद निघाली तर तिचा काळ बराच जवळ आणता येतो.