स्मॉलटॉकचा जुना प्रोग्रॅम नोडवर नेताना

दुकानाचा हिशोब संगणकावर बिनतक्रार चाललेला असतो. मग नवा प्रोग्रॅमर येतो आणि सांगतो, "हे सारे स्मॉलटॉकमध्ये आहे, आता जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मालक हबकतो. होकार देण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी दोन मार्गांची चौकशी जरूर करावी, असे आम्हांस वाटते.

स्मॉलटॉक ही काही आडगल्लीतली भाषा नव्हे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ॲलन के यांच्या कल्पनेवरून डॅन इंगल्स यांनी ती १९७२ साली प्रथम चालवून दाखवली. जावास्क्रिप्ट १९९५ ची. २००९ साली रायन डाल यांनी नोड तयार केले, तेव्हापासून ती ब्राउझरबाहेर, मुख्य मशीनवरही सर्रास वापरली जाऊ लागली.

पहिला मार्ग ॲम्बरचा. निकोलस पेटाँ यांनी सुरू केलेले ॲम्बर २०११ पासूनचे आहे. ते स्मॉलटॉकमधील मजकुराचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करते आणि तो नोडवर चालतो. खुद्द ॲम्बरचा फाइल सर्व्हरही असाच, स्मॉलटॉकमध्ये लिहून नोडवर चालवलेला आहे. मात्र जुन्या खिडक्या व पडदे येथे जसेच्या तसे येत नाहीत. ते काम नव्याने करावे लागते.

दुसरा मार्ग स्क्वीकजेएसचा. स्मॉलटॉकचा प्रोग्रॅम 'इमेज' नावाच्या फाइलीत राहतो. रात्री दुकान जसेच्या तसे बंद करावे आणि सकाळी प्रत्येक वस्तू जागच्या जागी सापडावी, तसा हा प्रकार. स्क्वीकजेएस ही इमेज न फोडता चालवते. २०१४ साली त्यावर जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत हेच इंगल्स होते. अडचणी दोन: इमेज स्क्वीक घराण्यातली हवी, आणि वेग मूळ यंत्रणेपेक्षा कमी मिळतो.

आता पैशाची गोष्ट. अस्सल स्मॉलटॉकमध्ये एकास दहाने भागले तर उत्तर एक-दशांश असा नेमका अपूर्णांक राहतो. तो दहा वेळा मिळवा, बरोबर १ येतो. ॲम्बर मात्र जावास्क्रिप्टचेच आकडे वापरते. तेथे ०.१ दहा वेळा मिळवल्यास ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतात! छापील बिलात हे दिसणार नाही. पण 'बाकी शून्य आहे का' असे प्रोग्रॅमने तपासले, की उत्तर 'नाही' येते आणि चुकत्या झालेल्या कारागिराच्या नावावर उधारी तशीच राहते. संगणक चूक झाल्याचे सांगतही नाही. म्हणून ॲम्बरचा मार्ग धरल्यास रक्कम रुपयांत नव्हे, पूर्ण पैशांत साठवायला सांगावे. स्क्वीकजेएसमध्ये ही भीती नाही, कारण अपूर्णांकाचे गणित इमेजबरोबरच येते. वेगाची घाई नसेल तर हिशोबासाठी आम्ही हाच मार्ग पसंत करू.

आणखी एक. नोडमध्ये प्रोग्रॅमची कामे एकाच रांगेतून जातात. एखादे लांबलचक गणित रांग अडवून बसले, की बाकीची गिऱ्हाइके ताटकळतात. असे काम वेगळे चालवावे.

जुना प्रोग्रॅम लगेच बंद करू नये. मागील वर्षाचा एक पुरा महिना दोन्हीकडे चालवावा, प्रत्येक खात्याची बाकी पैशापर्यंत ताडून पाहावी, आणि मगच प्रोग्रॅमरचे उरलेले पैसे द्यावेत.