रोजच्याच मापाचं पाणी

"साहेब, रोजच्याच मापानं पाणी काढलं होतं हो. एक तांब्या उकळतं, तीन तांबे इसण."

मागच्या मे महिन्यात लातूरजवळच्या एका गावातून आमच्या दवाखान्यात आलेल्या आजी हे तीनतीनदा सांगत होत्या. मांडीवर दीड वर्षाचा नातू. पाठ आणि ढुंगण लालबुंद, दोन ठिकाणी फोड. आजी खोटं बोलत नव्हत्या. माप तेच होतं, विसण बदललं होतं.

हिशेब करून पाहा. पाण्याचे तांबे आणि त्याचं तापमान यांचा गुणाकार करायचा. गरम पाण्याचा आणि विसणाचा वेगवेगळा. दोन्हींची बेरीज करून एकूण तांब्यांनी भागायचं. चुलीवरून उतरवलेलं पाणी ९५ अंश धरू. डिसेंबरात रांजणातलं पाणी २० अंश असतं. ९५ अधिक तीन वेळा २० म्हणजे १५५. भागिले चार, जेमतेम ३९. छान कोमट. आता मे महिना घ्या. विसण अंगणातल्या ड्रममधलं, उन्हानं ३५ अंशांवर गेलेलं. ९५ अधिक १०५ म्हणजे २००, भागिले चार, ५० अंश! मोठ्या माणसाची कातडी ५० अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटांत भाजते, ६० अंशांच्या पाण्यात पाचेक सेकंदांत. लेकरांची कातडी पातळ, ती त्याहून लवकर भाजते. त्या ड्रममधल्या पाण्यानं पुन्हा ३९ वर यायचं तर एका तांब्याला चौदा-पंधरा तांबे विसण लागेल. म्हणजे खरं तर पाणी तापवायचंच कशाला?

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना पाणी साठवू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? साठवा. पण उन्हातला ड्रम आणि गच्चीवरची काळी टाकी हीही एक चूलच आहे, एवढं ध्यानात असू द्या. नांदेडच्या फ्लॅटमधल्या मंडळींनीही निर्धास्त राहू नये. गिझरचं पाणी ६० अंश असेल तर निम्म्याला निम्मं मिसळून हिवाळ्यात ४० येतं, मेमध्ये ४७-४८.

हिशेब अंदाजापुरता. बादली, घंगाळ थोडी उष्णता खातात, त्यामुळे प्रत्यक्षात अंश-दोन अंश कमीच भरतं. शेवटी पाहायचं ते अंगानंच. मात्र हाताच्या तळव्यानं नको. लेकरांना न्हाऊ घालणाऱ्या मावशींचे तळवे भांडी-भाकरीनं राठ झालेले असतात, त्यांना ४५ अंशही कोमटच लागतं. कोपर बुडवा. तेही पाणी तळापर्यंत ढवळल्यावर, कारण गरम पाणी हलकं असतं, वरच तरंगत राहतं. आणि बादलीत आधी विसण घाला, मग गरम. कडकडीत पाण्याची बादली न्हाणीत ठेवून विसण आणायला गेलं की मागं रांगतं लेकरू तिथं पोचतंच. आमच्याकडे भाजून येणारी निम्मी पोरं अशीच भाजलेली असतात, असं मला तरी वाटतं.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. पाणी वाहतं नसेल तर तांब्यानं ओतत राहा, आणि ते ड्रममधलं नको, माठातलं किंवा रांजणातलं घ्या. भाजलेला भाग थंड करताना बाकीचं अंग गार पडू देऊ नका. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडानं सैलसर झाका आणि लगेच दवाखाना गाठा.

आजींचा नातू पंधरा दिवसांत बरा झाला. पुढच्या खेपेला त्या स्वतःचंच दुखणं घेऊन आल्या. साखर बारा वर्षांची, तळपाय बधिर. "पाणी पायानंच बघते मी, साहेब," म्हणाल्या. मी सुनेला आत बोलावलं आणि सांगितलं, आजींच्या बादलीतही कोपर तूच घालायचं.