पट्टी बांधून घोड्यावर बसू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
रविवार सकाळ

चि. सायली,


तुझा निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकला तो तुला हवा तसा, म्हणजे आत्याने दादाला फोन करावा आणि पोरीला जॉकी होऊ दे म्हणावं, एवढंच कानात घेऊन. दुसऱ्यांदा मधलं एक वाक्य अडकलं. "मागच्या आठवड्यात पडले, डावं कॉलरबोन जरा दुखतंय, पण पट्टी बांधून ट्रॅकवर्क चालू आहे, आईला सांगू नकोस." अगं, मी जन्मभर नर्सचं काम केलं. माणूस दोन महत्त्वाच्या गोष्टींच्या मध्ये घाईघाईने जे सांगून टाकतो, तेच त्याचं खरं दुखणं असतं.

आणि निरोपाच्या खाली जॉकी ज्युली क्रोनचा फोटो! तिच्या गोष्टी तुला लहानपणी मीच सांगितल्या, तेव्हा थोडा दोष माझ्याकडेही येतो. पण मी अर्ध्याच सांगितल्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीला बाकीच्या कशा सांगायच्या? आता तू सतराची झालीस.

१९८८ च्या उन्हाळ्यात आबा इकडे आले होते. घोरपडीच्या तबेल्यांत तीस वर्षं मोतद्दारी केलेला माणूस. न्यूयॉर्कच्या उंच इमारती दाखवल्या, तर "बरं आहे" म्हणाले. शेवटी एका शनिवारी त्यांना मॉन्मथ पार्कला नेलं. समुद्राजवळचा रेसकोर्स, झाडांखाली बाकं टाकलेली, लोक घरून डबे घेऊन आलेले. तिथे तेव्हा क्रोनचा जम बसला होता. पावणेपाच फुटांच्या जेमतेम वर उंची आणि वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. आवाज तर शाळकरी मुलीसारखा बारीक. आबा पॅडॉकच्या कठड्याला टेकून उभे राहिले. रेस कोण जिंकलं, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फिनिश झाल्यावर ही बाई रिकिबीत उभी राहिली, लगाम सैल सोडला आणि घोड्याला त्याच्या मनाने मंदावू दिलं. परत आल्यावर टुणकन उतरली, जीन सोडली आणि वजनाला जाण्याआधी मोतद्दाराशी दोन वाक्यं बोलली. बोलताना घोड्याच्या पुढच्या पायाकडे हात केला.

आबांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी म्हणाले, "पोरगी सांगते गं." मला काही उमगेना, तर गाडीत बसल्यावर समजावून दिलं. घोड्याचा पाय आखडतोय, हे पाठीवर बसलेल्याला सगळ्यात आधी कळतं. पण पुष्कळ जॉकी गप्प बसतात. बोललं तर घोडा आठ-पंधरा दिवस बाहेर बसतो, मालक नाराज होतो आणि पुढची राइड दुसऱ्याला जाते. गप्प बसलं की त्याचं बिल मोतद्दाराच्या आणि घोड्याच्या नावावर फाटतं. ती त्या दिवशी खरंच काय बोलली, देव जाणे. कदाचित म्हणाली असेल, घोड्याला तहान लागलीय. पण आबांनी जे वाचलं, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

क्रोन मिशिगनची. आईच घोडेवाली, त्यामुळे लेक चालण्याआधी घोड्यावर. १९७८ मध्ये स्टीव्ह कॉथन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने ट्रिपल क्राउन जिंकलेला पाहिला आणि हिने ठरवून टाकलं. पंधराव्या वर्षी चर्चिल डाउन्सवर सकाळची घोडेस्वारी करता यावी म्हणून आईने तिच्या जन्मदाखल्यावरची तारीखच बदलली. (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. आधीच घोड्याचं नाव काढलं की तिचा पारा चढतो.) १९८१ मध्ये फ्लोरिडात पहिला विजय. त्याआधी बाराच वर्षं, १९६९ मध्ये, डायन क्रम्प तिकडच्याच हायलिया रेसकोर्सवर उतरली, तेव्हा गर्दीतून तिला पोलिसांच्या कड्यातून न्यावं लागलं होतं. आपल्याकडे चेन्नईच्या रूपा सिंगनी ही वाट चालून दाखवली. तेव्हा बाईमाणसाला जमेल का, हा प्रश्न तू दादाशी भांडताना काढूच नकोस. तो कधीचाच निकालात निघालाय. पाचशे किलोचा घोडा पुरुषाच्या दंडालाही आवरत नाही. तो हाताच्या हलकेपणाला ऐकतो आणि क्रोनचं नाव होतं ते त्या हातांसाठीच.

तू पाठवलेला फोटो ५ जून १९९३ चा. बेल्मॉन्ट स्टेक्स, दीड मैल, घोडा कलोनियल अफेअर. ट्रिपल क्राउनमधली रेस जिंकणारी ती पहिली बाई जॉकी, आणि मी हे लिहितेय तोवर तरी दुसरी झालेली नाही. एवढं तुला पाठ आहे. त्याच रेसमध्ये प्रेअरी बायू धावत होता, तीनच आठवड्यांपूर्वी प्रीकनेस जिंकलेला. त्याचा पाय वाटेत मोडला आणि त्याला तिथेच कायमचं झोपवावं लागलं. फोटोच्या चौकटीत तो येत नाही. तू या धंद्यात उतरतेयस, म्हणून चौकटीबाहेरचं सांगितलं.

तीन महिनेही झाले नव्हते. ३० ऑगस्टला साराटोगावर ती घोड्यावरून फेकली गेली. घोट्याचा चुराडा. आणि मागून आलेल्या घोड्याची टाप छातीवर बसली. हृदयाला मुका मार लागला. अंगात संरक्षक जॅकेट होतं म्हणून वाचली. तेव्हा ते सगळेच घालत नसत. घोट्यात दोन पट्ट्या आणि चौदा स्क्रू बसवले. तुझं ते जॅकेट उकाड्यात नकोसं होतं, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. मी तेव्हा हसले होते. आता हसत नाही.

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. मला बोलायचंय ते पुढचं. मे १९९४ मध्ये ती परत आली. जानेवारी १९९५ मध्ये पुन्हा पडली, हात मोडला. हाडं जुळली, पण बाई जुळेना. झोप उडाली, भीतीने घर केलं, जगणं नकोसं व्हावं इथपर्यंत गोष्ट गेली. पॅडॉकमध्ये भीतीला भाव नसतो. मालकाला वास लागला की घोडा दुसऱ्याकडे जातो. आणि ही तर तीच क्रोन, जिने १९८६ मध्ये चाबकाचा फटका मारणाऱ्या जॉकीला रेस संपल्यावर ठोसा लगावला होता! पण ती गेली मनाच्या डॉक्टरकडे, औषधं घेतली, पुन्हा घोड्यावर बसली, आणि पुढे हे सगळं स्वतःच्या तोंडाने उघड सांगितलं. बेल्मॉन्टपेक्षा हे मला मोठं वाटतं. आबा असते तर म्हणाले असते, पोरगी सांगते.

एप्रिल १९९९ मध्ये टेक्ससमध्ये एका दिवसात तीन रेस जिंकून तिने निवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेली, तिथली पहिली बाई. मग २००२ मध्ये पुन्हा घोड्यावर! मी तेव्हा वैतागले होते, खोटं कशाला बोलू. मार्च २००३ मध्ये दोन मणके मोडले, ते बरे होईपर्यंत थांबली. ऑगस्टमध्ये कँडी राइडवर पॅसिफिक क्लासिक जिंकली, ऑक्टोबरमध्ये हाफब्रायडल्डवर ब्रीडर्स कप, तोही बाई जॉकीने पहिल्यांदा. डिसेंबरमध्ये बरगड्या मोडल्या आणि २००४ मध्ये खरोखर थांबली. एकूण विजय ३७०४. मोडलेल्या हाडांचा हिशेब कुणी छापत नाही.

आता तुझ्याकडे येते. डावा खांदा दुखतोय म्हणजे डावा लगाम ढिला पडतोय किंवा दुखू नये म्हणून तू तो घट्ट आखडून धरतेयस. दोन्हींत घोड्याच्या तोंडाला ओढ एकसारखी लागत नाही, तो एका अंगाला झुकतो. एकटी असशील तर ठीक. पहाटेच्या अंधारात, पावसाने ओल्या झालेल्या ट्रॅकवर चार घोडे खांद्याला खांदा लावून येताना तो झुकला तर? तुझ्या बाजूला कोण असतं? कुणाची तरी पोरंच ना? आणि घोड्याला कुणी सांगितलेलं नाही की आज बाईसाहेबांचा हात चालत नाही.

"घरी कळवू नकोस" असं तुला तिथल्या कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाचं शिकवणं बाकी कितीही चांगलं असो, ही एक गोष्ट त्याच्याकडून घेऊ नकोस. रात्रीचं जेवण टाळून वजन उतरवणंही बंद कर. तुझी हाडं अजून भरतायत, आणि उपाशी पोरीचं हाड लवकर सांधत नाही, हे मी वॉर्डात पाहिलंय. दुखलं तर मोतद्दाराला सांग, भीती वाटली तर मला सांग. मी रात्री दोनलाही फोन उचलते, नर्सची सवय आहे.

दादाला काय सांगायचं, ते मी ठरवलंय. तू शिकावंस, असंच सांगणार आहे. आबांच्या घरातली पोर पाठीवर बसणार असेल, तर मला आनंदच आहे. पण एका अटीवर. उद्या सोमवार. तबेल्यात जाऊन सांग की आज घोड्यावर बसत नाही, कारण विचारलं तर खरं कारण दे. मग वहिनीला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जा. ती ओरडेल, ओरडू दे. एक्स-रे काढलास की त्याचा फोटो मला पाठव. तो आला की मी दादाला फोन लावते.

तुझी,
आत्या