अळिंबीतील विषाणूरोधी घटक आणि एचआयव्ही : संशोधन कोठवर, दावा कोठवर?

धिंगरी व शिताके अळिंबीच्या विक्रीत पोषणमूल्याबरोबर औषधी गुणांचाही उल्लेख होतो. 'अळिंबीत एचआयव्हीला रोखणारे घटक आढळतात' हे विधान शास्त्रीय आधार असलेले आहे. 'अळिंबी खाल्ल्याने एचआयव्ही बरा होतो' हे विधान मात्र निराधार आहे. या दोहोंतील अंतर उत्पादकांपर्यंत पोहोचविणे ही विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी ठरते.

घटक कसे कार्य करतात?

एचआयव्ही विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या स्वरूपात असते. मानवी सीडी४ पेशीत शिरल्यावर 'रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज' या विकराच्या साहाय्याने तो आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि हा डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये समाविष्ट होतो. हे विकर रोखल्यास विषाणूची वाढ खुंटते. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले झिडोव्हुडीन हे पहिले एचआयव्हीरोधी औषध याच तत्त्वावर आधारित आहे.

हाँगकाँग येथील संशोधकांनी खाद्य अळिंबीतून असे विकर रोखणारी अनेक प्रथिने वेगळी केली. त्यांत २००० मध्ये धिंगरीतून मिळालेले युबिक्विटिनसदृश प्रथिन आणि २००३ मध्ये शिताकेतून मिळालेले 'लेंटिन' यांचा समावेश होतो.

परीक्षानळी ते रुग्ण : तीन अडथळे

पहिला अडथळा पचनाचा. ही प्रथिने शुद्ध करून विकरावर थेट तपासलेली आहेत. आहारातील प्रथिने शिजविताना उष्णतेने आपली रचना गमावतात आणि जठर व आतड्यात त्यांचे विघटन होते. त्यामुळे परीक्षानळीत दिसलेला परिणाम भाजी खाऊन मिळेल, असे मानता येत नाही.

दुसरा अडथळा निवडकतेचा. औषधाने विषाणूला रोखावे, पण मानवी पेशीला अपाय करू नये. धिंगरीतील वरील प्रथिनाने विकराबरोबरच प्रथिननिर्मितीची मूलभूत प्रक्रियाही रोखल्याचे आढळले. असा घटक औषध होण्यापूर्वी त्याच्या सुरक्षिततेची कसून तपासणी आवश्यक ठरते.

तिसरा अडथळा मानवी चाचणीचा. शिताकेतील 'लेंटिनान' हे बहुशर्करी संयुग विषाणूवर थेट मारा न करता प्रतिकारशक्तीला चालना देते. अमेरिकेत एचआयव्हीबाधितांवर झालेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेंटिनान इंजेक्शनवाटे दिले होते, आहारातून नव्हे. बहुतेक रुग्णांना ते सोसले. सीडी४ पेशी वाढण्याचा कल दिसला, परंतु ही वाढ संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही.

चुकीच्या दाव्याची किंमत

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांमार्फत एआरटी उपचार मोफत मिळतात. नियमित गोळ्यांमुळे विषाणू नियंत्रणात राहतो व रुग्ण दीर्घायुष्य जगू शकतो. अळिंबीवर विसंबून गोळ्या बंद केल्यास विषाणू पुन्हा वाढतो. गोळ्यांत वारंवार खंड पडल्यास औषधांना दाद न देणारे विषाणू निर्माण होऊ शकतात. म्हणूनच वेष्टनावरील एक ओळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. शिवाय, खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करण्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नियमांनी मनाई आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

- वेष्टनावर पोषणमूल्य, उत्पादन दिनांक व साठवणुकीची माहिती द्यावी. रोगाचे नाव टाळावे.
- एचआयव्हीबाधित व्यक्तीने अळिंबी अन्न म्हणून खावी, पूर्ण शिजवूनच खावी व एआरटी सुरू ठेवावी. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या शिताकेमुळे काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात.
- शियारिड व फोरिड माश्यांच्या अळ्या कवकजाल व अळिंबी पोखरतात, तर प्रौढ माश्या रोगांचे बीजाणू पसरवितात. उत्पादनगृहाच्या दारे-खिडक्यांना बारीक जाळी व आत पिवळे चिकट सापळे लावावेत. काढणीच्या काळात अळिंबीवर कीटकनाशक फवारू नये.
- उपचारांविषयी विचारणा झाल्यास १०९७ या राष्ट्रीय एड्स मदत क्रमांकाची किंवा जवळच्या एआरटी केंद्राची माहिती द्यावी.

अळिंबीतील घटकांपासून भविष्यात औषध विकसित होण्याची शक्यता संशोधनाने खुली ठेवली आहे. तोपर्यंत उत्पादकाने ती सकस, स्वच्छ व ताजे अन्न म्हणूनच विकावी. बाजारातील विश्वास त्यानेच टिकतो.