खेळ ‘संपविणें’ म्हणजे काय?



गेल्या दसऱ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशीं इयत्ता आठवींतील एक मुलगा मधल्या सुटींत आमच्याकडे आला. रामलीला मैदानावरची जत्रा पाहिलीस काय, असें आम्हीं त्यास विचारलें. पण त्याचें मन जत्रेंत नव्हतें. सुटीभर तो वडिलांच्या मोबाइलवर एक खेळ खेळत होता. शेवटच्या कांहीं टप्प्यांवर तो अडला, तेव्हां एका सोबत्यानें त्यास एक चोरयुक्ति सांगितली. तिच्या योगानें खेळांतला वीर मरेनासा झाला आणि एका संध्याकाळींच खेळ संपला. “गुरुजी, खेळ संपला, पण मजा आली नाहीं. असें कां?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

दोन दिवसांनीं त्याचे वडील आले. हे वसमतकडील हळदीचे शेतकरी. २०२० सालीं शाळा बंद पडल्या, त्या वेळीं पोराचा अभ्यास बुडूं नये म्हणून त्यांनीं उसनवारी करून तो मोबाइल घेतला होता. ते म्हणाले, “गुरुजी, अभ्यासासाठीं घेतलेली वस्तु खेळाच्या कामीं लागली. काढून घेऊं काय?” दोघांचे प्रश्न निरनिराळे दिसले, तरी त्यांचें उत्तर एकाच ठिकाणीं असावें असें आम्हांस वाटलें. तें शोधतांना जें हातीं आलें, तें येथें मांडतों.

प्रथम आपल्या घरचेच खेळ पाहूं. विटीदांडू खेळतांना विटी किती दूर गेली हें दांड्यानें मोजीत आपण वकट, लेंड, मुंड, नाल असें म्हणतों. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या तेलुगु संख्यांचींच हीं मराठी रूपें होत. तेलंगणाच्या शेजारीं राहिलेल्या आपल्या मुलुखास त्यांचें नवल वाटावयास नको. मोजणी ज्या शब्दावर थांबेल, त्याप्रमाणें पुढचा टोला ठरलेल्या अवघड रीतीनें मारावा लागतो. कधीं विटी पायावर ठेवावी लागते, कधीं मुठीवर, तर कधीं डोळ्यावर. या रीती गांवोगांव थोड्याबहुत बदलतात. पण त्यांतील तत्त्व एकच. साधा टोला मारतां येत असतांही खेळच म्हणतो, “आतां तोच टोला दुसऱ्या रीतीनें मारून दाखव.”

बुद्धिबळाचेंही तसेंच. आपल्या जुन्या देशी पद्धतींत वजिरानें वा हत्तीनें केलेल्या मातीपेक्षां प्यादेमातीचा मान मोठा. पटावरील सर्वांत दुबळें मोहरें जें प्यादें, त्याच्या हातून राजा कोंडावयाचा! उलट, प्रतिपक्षाचीं सर्व मोहरीं मारून राजा एकटा उरला, तर ती बुर्जी. तो पुरा विजय नव्हे. म्हणून कसलेल्या खेळाडूस शत्रूचें एखादें मोहरें जाणूनबुजून राखावें लागे. १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूप छापलें गेलें. त्यांत मुख्य भर डावांतील निवडक, अडचणीच्या स्थितींवर आहे. कारण त्या सोडवितांना शिकणाऱ्याची बुद्धि तयार होते. यावरून दिसून येईल कीं, जिंकलें कीं नाहीं याच्याइतकेंच कसें जिंकलें हेंही पाहण्याची दृष्टि आपल्या लोकांस नवी नाहीं.

आतां पडद्यावरील खेळांकडे वळूं. पालकांपैकीं पुष्कळांची समजूत अशी कीं, या खेळांत बोटें हालतात आणि डोकें झोपतें. केव्हां केव्हां तसें होतेंही. परंतु जगांत असेही खेळाडू आहेत कीं, खेळ संपला म्हणजे त्यांचें खरें काम सुरू होतें.

जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १९८५ सालीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ नांवाचा खेळ काढला. त्यांत एकंदर ३२ टप्पे आहेत. खेळांतच ठेवलेल्या गुप्त वाटांनीं गेल्यास त्यांपैकीं अवघे ८ खेळून शेवट गांठतां येतो, आणि निष्णात खेळाडू हा प्रवास पांच मिनिटांच्या आंत संपवितात. त्यांतली एक गंमत गणिताच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. तें यंत्र सेकंदास सुमारें ६० चित्रें दाखवितें. परंतु टप्पा संपल्यावर पुढें जावयाचें कीं नाहीं, हें तें दर २१ चित्रांनीं एकदांच पाहतें. हिंगोलीच्या स्थानकावर तुम्ही पांच मिनिटें आधीं पोंचलां काय किंवा अर्ध्या मिनिटानें आधीं पोंचलां काय, एस. टी. आपल्याच वेळेस सुटणार, तसेंच हें. म्हणून बहुतेक टप्प्यांत वेळ वाचतो तो ०.३५ सेकंदाच्या पटींतच. हें सूत्र यंत्रानें कोणास सांगितलें नव्हतें. खेळाडूंनींच शेंकडों वेळां मोजून, टिपून व ताडून पाहून तें शोधिलें. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत याहून वेगळें काय करतात?

दुसरे कांहीं खेळाडू वेगाच्या मागें न लागतां स्वतःवर बंधन घालून घेतात. १९९६ सालच्या ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाचा नायक उड्या मारण्यासाठींच प्रसिद्ध. त्यांतच कांहींनीं पण केला कीं, उडीची कळ दाबावयाचीच नाहीं. वर्षानुवर्षें अनेकांनीं एकमेकांस आपले शोध कळवून एकेक टप्पा सोडविला. एका जागीं मात्र वर चढण्यास मार्गच नव्हता. अखेरीस असें आढळलें कीं, ‘वी’ नांवाच्या पुढील यंत्रासाठीं निघालेल्या आवृत्तींत अपूर्णांक तोडतांना एक बारीकशी चूक होते, व त्या चुकीमुळें तेथील हालते फलाट केंसाएवढे वर सरकत राहतात. खेळाडूनें यंत्र सुमारें तीन दिवस चालू ठेविलें. फलाट हवे तितके वर आले. तो पुढें गेला! दशांशाच्या शेवटच्या स्थळाकडे दुर्लक्ष करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

कोणी हातांतील साधन बदलतात, आणि कठीण म्हणून गाजलेला खेळ नाचण्याच्या पटावर पाय आपटून पुरा करतात. कोणी एकट्यानें न खेळतां समुदायानें खेळतात. १२ फेब्रुवारी २०१४ रोजीं ‘पोकेमॉन रेड’ या खेळाचा असाच एक प्रयोग सुरू झाला. जगांतून जो कोणी आज्ञा लिहून पाठवील, ती तो एकच नायक पाळी. एक म्हणे डावीकडे चल, दुसरा म्हणे उजवीकडे! दहा लाखांहून अधिक लोकांनीं यांत भाग घेतला, आणि एवढ्या गोंधळांतूनही १ मार्च रोजीं, सोळा दिवसांवर कांहीं तासांनीं, तो खेळ तडीस गेला.

सर्वांत नवल टेट्रिसचें. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सी पाजित्नोव यांनीं हा खेळ रचिला. वरून पडणारे तुकडे असे बसवावयाचे कीं आडवी ओळ भरावी. भरली कीं ती नाहींशी होते. निन्टेंडोच्या १९८९ सालच्या आवृत्तींत २९ व्या पायरीस तुकडे इतक्या वेगानें पडतात कीं, कळ नुसती दाबून धरली तर ते कडेपर्यंत पोंचतच नाहींत. तोच खेळाचा शेवट, असें पुष्कळ वर्षें सर्वांनीं मानिलें. मग खेळाडूंनीं बोटांची रीतच बदलली. एका हातानें कळ हलकेच धरावयाची, व दुसऱ्या हाताच्या बोटांनीं खेळणीच्या पाठीवर एकामागून एक टिचक्या मारावयाच्या. या रीतीनें २१ डिसेंबर २०२३ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा प्रांताच्या एका १३ वर्षांच्या मुलानें १५७ वी पायरी गांठली, आणि यंत्रच थिजलें! यंत्रास असें थांबविणारा तो पहिला मनुष्य. खेळ निघाल्यापासून ३४ वर्षें लोटलीं होतीं, आणि तो मुलगा तुमच्याच वयाचा होता.

येथें कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “गुप्त वाटेनें जाणें किंवा यंत्राच्या चुकीचा लाभ घेणें ही लबाडी नव्हे काय?” प्रश्न रास्त आहे. याचें उत्तर त्या खेळाडूंच्याच शिस्तींत सांपडतें. ते आपले प्रकार आधीं जाहीर करतात. यंत्रांतील चुकांचा उपयोग करून खेळणारे वेगळे, त्यांस हात न लावणारे वेगळे. कसेंही करून शेवट गांठणारे वेगळे, सर्व कांहीं मिळवून शेवट गांठणारे वेगळे. प्रत्येकाची नोंद आपापल्या यादींत होते, आणि आपण कसे खेळलों याचें चित्रण सर्वांपुढें ठेवावें लागतें. जें उघड सांगून केलें ती युक्ति. जें लपवून केलें ती लबाडी. ‘ड्रॅगस्टर’ नांवाच्या मोटारींच्या खेळांत ५.५१ सेकंदांचा एक विक्रम १९८२ पासून मानला जात होता. पुढें २०१७ सालीं त्या खेळाची आज्ञावली उलगडून हिशेब मांडला, तेव्हां ५.५७ सेकंदांहून कमी वेळ निघेना. २०१८ सालीं तो विक्रम नोंदींतून काढून टाकण्यांत आला. सहा शतांश सेकंदांचाच फरक. पण त्यानें पस्तीस वर्षांची कीर्ति पुसली.

आतां आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. त्यास मजा कां आली नाहीं? त्यानें खेळाचा एक नियम काढून टाकिला होता, म्हणून. ज्यांच्या गोष्टी वर सांगितल्या, त्यांनीं बहुधा नियम वाढविले. निदान जो सोडला तो सर्वांस सांगून सोडला. नियम चोरून कमी केला कीं शेवट तेवढा हातीं लागतो, वाट हातची जाते. आणि आनंद सारा वाटेंतच असतो. परीक्षेंत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहून लिहिणाऱ्यास शंभर गुण मिळाले, तरी घरीं जातांना त्याच्याजवळ काय असतें? गणित ‘संपलें’ एवढेंच. उलट पायथागोरसचा सिद्धांत पहा. तो कधींच सिद्ध होऊन गेला. तरीही लोक थांबले नाहींत. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या आपल्या भास्कराचार्यांनीं त्याची एक सुरेख आकृति दिली, आणि अशा साडेतीनशेंहून अधिक सिद्धता आजवर एकत्र केल्या गेल्या आहेत. उत्तर ठाऊक असतां नव्या वाटेनें तेथें जाणें हा व्यर्थ खटाटोप नव्हे. विद्या म्हणतात ती हीच.

वडिलांस आम्हीं म्हणालों, “मोबाइल काढून घेणें तुमच्या हातीं आहे, आणि वेळेची मर्यादा तर घालाच, झोप व अभ्यास मोडून कोणताही खेळ चांगला नाहीं. पण काढून घेण्यापूर्वीं एकदां त्यास विचारा कीं, खेळ कसा संपविलास? सांगतांना त्याची मान खालीं जाते कीं डोळे चमकतात, तें पहा. पुढें काय करावयाचें तें तुम्हांस आपोआप कळेल.” ते कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचे आजोबा प्यादेमातीशिवाय डाव संपवीत नसत. मला ती विद्या अर्धीमुर्धी येते.” त्या घरीं आतां रविवारीं पट मांडला जातो, असें मुलानें आम्हांस परवांच सांगितलें. प्यादेमात त्यास अजून साधलेली नाहीं. तीन वेळां बुर्जीच झाली, असें तो मोठ्या उत्साहानें सांगत होता.

वाचकांसाठीं अभ्यास

१. सोडविलेलें एखादें गणित अगदीं दुसऱ्या रीतीनें सोडवा, व कोणती रीत कोठें सोपी पडते तें लिहा.
२. घरांतील वडीलधाऱ्यांस त्यांच्या वेळच्या विटीदांडूच्या रीती विचारा, आणि आपल्या गांवच्या रीतींशीं ताडून पहा.
३. तुम्हांस सहज जिंकतां येणाऱ्या कोणत्याही खेळावर एक नवें बंधन घाला. खेळण्यापूर्वीं तें सोबत्यांस मोठ्यानें सांगा. हरलां तर तेंही तितक्याच मोठ्यानें सांगा.