विमानतळाजवळचा बिझनेस कॅम्पस : आधी उंचीचं गणित, मग काचेचा दर्शनी भाग

या आठवड्याच्या व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून तेच इथे सावकाश मांडतो. अंधेरी पूर्व, मरोळ, साकीनाका, घाटकोपर या पट्ट्यात ऑफिस किंवा गाळा बुक करणार असाल, तर वही-पेन घेऊन बसा. प्रश्न तुमच्या आयुष्यभराच्या पुंजीचा आहे.

धडा १ : उंची जमिनीपासून मोजत नाहीत

मुंबई विमानतळाला एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. त्यामुळे आजूबाजूच्या आकाशावर अदृश्य छप्पर आहे असं समजा. धावपट्टीच्या टोकाकडून हे छप्पर साधारण ५० मीटर अंतराला १ मीटर इतकं हळूहळू चढतं. लोक ज्याला फनेल झोन म्हणतात तो हाच भाग. बाजूने ते ७ मीटरला १ मीटर चढतं. त्यापलीकडे, सुमारे ४ किलोमीटरपर्यंत, ते विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर सपाट असतं.

२०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनुसार भारतीय विमानतळ प्राधिकरण जी एनओसी देतं, तिच्यात उंची समुद्रसपाटीपासून लिहिलेली असते. इथेच भलेभले गडबडतात.

धडा २ : एकच आकडा, दोन इमारती

विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १२ मीटरवर आहे. १२ अधिक ४५, म्हणजे ५७ मीटर. समजा एनओसीत हाच आकडा आला.

पहिला प्लॉट सखल, १४ मीटर पातळीवर. उरले ४३ मीटर. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांचे ५ मीटर वजा केले की ३८. तळमजल्याच्या लॉबीला ४.५ दिले की ३३.५. ऑफिसचा एक मजला ४ मीटरचा धरला, तर आठ मजले बसतात आणि दीड मीटर शिल्लक राहतो.

दुसरा प्लॉट टेकडीच्या उतारावर, ३० मीटर पातळीवर. तोच हिशोब करा: २७, मग २२, मग १७.५. फक्त चार मजले! एनओसीतला आकडा तोच, पण विकायला जागा निम्मी. म्हणून ब्रोशरमधला 'सातवा मजला' बघण्याआधी प्लॉटची पातळी विचारा.

आणि लक्षात ठेवा, टाकी, मोबाईल टॉवर, वीजवाहक सळी, कंपनीचा मोठा बोर्ड, सगळं उंचीत धरलं जातं. बांधकामाच्या क्रेनचाही विचार आधीच करावा लागतो.

धडा ३ : वरून विमान, खालून मिठी

वर जाता येत नाही म्हणून बिल्डर खाली जातो: दोन-तीन तळघरं, त्यात पार्किंग, जनरेटर, वीजपॅनेल. पण मिठी नदी विमानतळाला लागून वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे या भागात कुणाला सांगायला नको.

त्यामुळे चांगल्या कॅम्पसमध्ये वीजपॅनेल आणि जनरेटर पुराच्या पातळीच्या वर असतात, आणि जोतं उचललेलं असतं. जोतं एक मीटर उचललं की वरचा एक मीटर जातो. पहिल्या प्लॉटवर दीड मीटर शिल्लक होता, म्हणून ते जमलं. शिल्लक शून्य असती तर एक मजला तरी सोडावा लागला असता, नाहीतर पाण्याशी जुगार. आर्किटेक्टने ही शिल्लक कुठे ठेवली आहे, हे विचारायला लाजू नका.

धडा ४ : बाकीच्या चार गोष्टी

- काच : दुहेरी काच घ्या. आवाज कमी येतो, फोनवर ग्राहकाचं बोलणं ऐकू येतं. आरशासारखी चकाकणारी काच मात्र टाळा. वैमानिकाच्या डोळ्यावर तिरीप जायला नको.
- दिवे : आकाशाकडे रोखलेले झोत किंवा लेझर नकोत.
- कचरा : कॅन्टीनचं खरकटं बंद खोलीत ठेवा. उघड्या कचऱ्यावर घारी येतात, आणि पक्षी विमानाला धडकणं ही चेष्टा नाही.
- यंत्रं : एसीचे मोठे युनिट गच्चीऐवजी पोडियमवर ठेवले, तर उंची वाचते.

नियम मोडला तर?

जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळ परिसरातल्या ४८ इमारतींच्या मर्यादेबाहेर गेलेल्या भागांवर कारवाई करायला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. विचार करा, वरच्या मजल्यावरचं ऑफिस तुम्ही कर्ज काढून घेतलंय. मजला गेला तरी हप्ता थांबत नाही.

गृहपाठ : टोकन देण्याआधी हे पाच कागद मागा

१. उंचीची एनओसी, तिची मुदत आणि तिच्यातला समुद्रसपाटीपासूनचा आकडा.
२. प्लॉटच्या पातळीचा दाखला.
३. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. त्यातली सर्वांत वरची पातळी एनओसीशी जुळवा.
४. तुमच्या मजल्यापर्यंतचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र.
५. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र.

'एनओसी येतेच आहे' असं उत्तर मिळालं, तर चहा प्या, आभार माना आणि चेकबुक खिशातच राहू द्या. पुढच्या भागात याच पट्ट्यातल्या भाडेकराराची कलमं वाचू.